शब्दांनीं लिहिलेलें चित्र

चित्र काढावयाचें तें कुंचल्यानें, हा समज इतका जुना आहे कीं, चित्र केवळ अक्षरांत लिहून ठेवतां येतें हें ऐकून कोणासही प्रथम नवल वाटावें. तथापि ४ सप्टेंबर २००१ रोजीं वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें ज्या एस. व्ही. जी. नामक पद्धतीस मान्यता दिली, तिच्यांत हेंच घडतें. वर्तुळ हवें असल्यास त्याचा मध्य कोठें व त्रिज्या किती, एवढेंच लिहावयाचें. रेघ हवी असल्यास तिचीं दोन टोकें सांगावयाचीं. असें चित्र टपाल-तिकिटाएवढें छापा कीं भिंतीएवढें, त्याची रेघ सारखीच स्वच्छ राहते.

या सोयीचें मोल मात्र लिहिणाऱ्याच्या बोटांना द्यावें लागतें. घड्याळाची तबकडी घ्या. मिनिटांच्या ६० रेघा, प्रत्येकीचीं दोन टोकें, प्रत्येक टोकाचे दोन आंकडे; एकूण आंकडे २४०, आणि तेही ज्या-कोज्या पाहून काढलेले! शिवाय ही पद्धति एक्स. एम. एल. च्या कुळांतली, आणि त्या कुळाचा नियम कडक. एकांत एक बसविलेल्या आकृतींभोंवतीं उघडती खूण घातली कीं तिची मिटती खूण योग्य जागीं यावयासच हवी. एखादी राहिली तर लेख सदोष ठरतो व वाचणारें यंत्र तेथेंच अडतें.

या कष्टांवरचा उपाय रोगाहून जुना आहे. थोडक्यांत लिहावें आणि यंत्राकडून विस्तार करून घ्यावा, या युक्तीस मॅक्रो म्हणतात. पाणिनीच्या व्याकरणांत ‘अच्’ एवढें म्हटलें कीं सर्व स्वर समजावयाचे, त्याच जातीची ही काटकसर. बेल प्रयोगशाळेंतील डग्लस मॅकिलरॉय यांनीं १९६० सालीं तिचें शास्त्रशुद्ध विवेचन केलें. जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. मध्यें जिची आंखणी आरंभिली, त्या लिस्प भाषेंत १९६३ सालीं टिमथी हार्ट यांनीं मॅक्रो आणले. लिस्पमधील कंसांची थट्टा पुष्कळ झाली आहे. पण कंसांत कंस आणि खुणेंत खूण, यांची ठेवण एकच. एक कंस मिटला कीं मॅक्रोनें एक मिटती खूण लिहावी. विसरावयास कांहीं उरतच नाहीं.

हें काम साध्या फंक्शनकडून कां होऊं नये? कारण बारीक आहे. फंक्शनला जें द्यावें त्याचें मूल्य आधीं काढलें जातें. बाहेरची खूण लिहिणाऱ्या फंक्शनला आंतील चित्र सोंपविलें, तर आंतील चित्र आधीं छापलें जाईल आणि त्याची उघडती खूण मागाहून. पेटीच्या आधीं पेटींतला ऐवजच बाहेर! मॅक्रोला मूल्य मिळत नाहीं, मूळ लेखच मिळतो. तो उघडती खूण छापण्याची आज्ञा, मग आंतला लेख, मग मिटती खूण अशी मांडणी करतो, आणि नंतर तें सारें चालविलें जातें. २०१० सालच्या ‘लँड ऑफ लिस्प’ या पुस्तकांत कॉनराड बार्स्की यांनीं मॅक्रोंची ही करामत एस. व्ही. जी. च्याच उदाहरणानें दाखविली आहे.

येथें एक धोका आहे, आणि तो विसरलेल्या खुणेहून वाईट. मॅक्रोनें आपल्या हिशेबासाठीं आंत ‘त्रिज्या’ असें नांव वापरलें, आणि चित्र लिहिणाऱ्याचेंही तेंच नांव असलें, तर दोहोंची गांठ पडते. यंत्र तक्रार करीत नाहीं. चित्र निमूटपणें उमटतें आणि वर्तुळ भलत्याच मापाचें निघतें. १९८६ सालीं कोलबेकर, फ्रीडमन, फेलायझन व ड्यूबा या चौघांनीं अशीं नांवें आपोआप वेगळीं राखण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि लिस्पचीच एक शाखा जी स्कीम, तिनें पुढें या विचाराचा स्वीकार केला. कॉमन लिस्पनें मात्र दरवेळीं कोरें, न वापरलेलें नांव यंत्राकडून मागून घेण्याची जबाबदारी मॅक्रो लिहिणाऱ्यावरच ठेविली.