मोटारगाडीचा रंगलेप व चाके : निगा आणि जतन

मोटारगाडीच्या पत्र्यावरील रंगलेप व तिची चाके स्वच्छ, चकचकीत व टिकाऊ राहावीत म्हणून ती धुणे, त्यांवर चिकटलेले कण काढणे, पॉलिश करणे आणि मेणासारखा संरक्षक थर देणे या क्रियांचा या विषयात समावेश होतो. प्रारंभी हे काम घोडागाडीच्या सारथ्याकडे व रंगाऱ्याकडे असे. विसाव्या शतकात मोटारगाडी मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आल्यावर ते मालकाकडे आले आणि पुढे अनेक देशांत तो एक छंद झाला. या छंदाच्या मुळाशी एक विसंगती आहे. पॉलिशने चमक येते ती बहुधा पृष्ठाचा सूक्ष्म थर झिजवून. म्हणजे गाडी जपण्यासाठी केलेल्या कृतीनेच तिचा मूळ लेप थोडाथोडा संपत जातो. लेप नवा करावा की जुना आहे तसा राखावा, हा प्रश्न त्यामुळे या विषयाच्या इतिहासात वारंवार उद्‌भवलेला दिसतो.

घोडागाडीचा वारसा : पहिल्या मोटारगाड्यांची अंगे घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरांनीच बनविली व रंगविली. जवसाचे तेल, सफेता, रंगद्रव्ये आणि कोपलसारख्या नैसर्गिक रेझिनांची रोगणे ही त्यांची सामग्री होती. लाकडावर व पत्र्यावर एकावर एक अनेक हात देत. प्रत्येक हात वाळल्यावर तो पमीस दगडाच्या भुकटीने पाणी लावून घासत आणि शेवटी रोगण चढवीत. तेलाचे वाळणे म्हणजे हवेतील ऑक्सिजनाशी होणारी मंद विक्रिया असल्याने एक गाडी पूर्ण होण्यास कित्येक आठवडे लागत. हे रोगण सुंदर पण नाजूक असे. उन्हाने ते पिवळे पडे व त्याला बारीक तडे जात. म्हणून ठरावीक काळाने गाडी पुन्हा रोगणासाठी पाठवावी लागे.

गाडीच्या निगेविषयीचे काही नियम याच काळात रूढ झाले. गाडीवर चिखल वाळू देऊ नये. तो कोरड्या फडक्याने न पुसता भरपूर पाण्याने सैल करून स्पंजाने काढावा. शेवटी मऊ कमावलेल्या शॅमॉय चामड्याने पाणी टिपावे. तबेल्यातील अमोनियाने रोगण मंद पडते म्हणून गाडीखाना तबेल्यापासून वेगळा असावा, अशा सूचना सारथ्यांना दिल्या जात. यांपैकी पहिले तीन नियम रंगलेपाचे रसायनशास्त्र पूर्णपणे बदलल्यावरही टिकून आहेत.

हेन्‍री फोर्ड यांच्या कारखान्यात 1913 मध्ये सरकती जुळणी साखळी सुरू झाली, तेव्हा रंग वाळण्याचा कालावधी ही उत्पादनातील मोठी अडचण ठरली. फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ ही गाडी 1914 ते 1925 या काळात केवळ काळ्या रंगातच मिळे. तिच्यासाठी डांबरवर्गीय द्रव्यांपासून बनविलेली व भट्टीत तापवून वाळविलेली काळी एनॅमले वापरली जात. ती टिकाऊ होती, परंतु त्यांत रंगांची विविधता शक्य नव्हती.

ड्यूको व पॉलिशचा प्रसार : पहिल्या महायुद्धानंतर ड्यू पाँट या अमेरिकन कंपनीने नायट्रोसेल्युलोजापासून कमी श्यानतेचे (कमी घट्टपणाचे) व रंगद्रव्य अधिक प्रमाणात सामावणारे लॅकर तयार केले. याला ‘ड्यूको’ हे व्यापारी नाव मिळाले. जनरल मोटर्स कंपनीने ते ओकलंड या गाडीच्या 1924 सालच्या नमुन्यावर प्रथम वापरले. हे लॅकर फवाऱ्याने देता येई व केवळ विद्रावक उडून जाऊन वाळे. त्यामुळे आठवड्यांचे काम तासांवर आले आणि निरनिराळ्या रंगांच्या गाड्या मोठ्या संख्येने विकणे शक्य झाले.

ड्यूकोमुळे निगेचे स्वरूपही बदलले. फवारलेल्या लॅकरला आपोआप झळाळी येत नसे. ते घासून व पॉलिश करूनच चकचकीत करावे लागे. शिवाय ऊन व पाऊस यांमुळे त्याचा सर्वांत वरचा थर विघटित होऊन खडूसारखा पांढुरका होई. सौम्य अपघर्षक (घासून झिज करणारा पदार्थ) असलेले पॉलिश फिरविले की हा मृत थर निघून खालचा ताजा रंग वर येई व हातातील फडके गाडीच्या रंगाने माखे. मालकाला याचे फळ तत्काळ दिसे. लेप मात्र दरवेळी पातळ होई आणि दारांच्या कडा व पत्र्यावरील उंचवटे या ठिकाणी काही वर्षांत आतला प्राथमिक लेप उघडा पडे.

अशा पॉलिशांचा मोठा व्यापार अमेरिकेत उभा राहिला. शिकागो येथे 1910 च्या सुमारास निघालेल्या ‘सिमोनिझ’ या उत्पादनाची प्रसिद्धी एवढी झाली, की त्याच्या नावापासून बनलेले ‘गाडी चकचकीत करणे’ या अर्थाचे क्रियापद इंग्रजी शब्दकोशांत आले. इंडियाना राज्यात 1901 मध्ये लाकडी सामानाचे पॉलिश बनविण्यासाठी निघालेली मेग्वायर्स कंपनी पुढे याच व्यवसायात आली. कारण आरंभीच्या मोटारगाड्यांवरील रोगण व लाकडी सामानावरील रोगण हे एकाच जातीचे होते.

पॉलिश व मेण यांत मूलतः फरक आहे. पॉलिशाने पृष्ठ सपाट होते. मेणाने ते झाकले जाते. या कामी ईशान्य ब्राझीलमधील कार्नौबा ताडाच्या पानांपासून मिळणारे मेण श्रेष्ठ मानले गेले. ते कठीण असून सु. 82° ते 86° से. तापमानास वितळते, त्यामुळे उन्हात तापलेल्या पत्र्यावरही टिकते. दुसऱ्या महायुद्धानंतर सिलिकोनयुक्त पॉलिशे आली. ती लावण्यास सोपी व झळाळी देणारी होती, परंतु त्यांचा अंश पत्र्यावर राहिल्यास नव्याने दिलेला रंग जागोजागी आकसून बारीक खळगे पडत. त्यामुळे रंगाऱ्यांच्या कार्यशाळांत सिलिकोनाविषयी धास्ती निर्माण झाली. [→ मेण, लॅकर].

पारदर्शक लेप : 1930 नंतर अल्किड एनॅमले, 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक लॅकरे व त्यानंतर ॲक्रिलिक एनॅमले प्रचारात आली. धातूची चमक असलेल्या रंगांतील ॲल्युमिनियमाचे सूक्ष्म पत्रे उघडे पडल्यास काळवंडतात. म्हणून रंगावर स्वतंत्र पारदर्शक लेप देण्याची पद्धत विकसित झाली आणि 1980 च्या दशकात ती सर्वत्र पसरली. आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यालगतचा विद्युत् निक्षेपित गंजरोधी लेप, प्राथमिक लेप, रंगाचा लेप व पारदर्शक लेप असे थर असतात. त्यांची एकूण जाडी सामान्यतः 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे वर्तमानपत्राच्या दोन कागदांएवढी असते. पारदर्शक लेप त्यांपैकी केवळ 35 ते 50 मायक्रॉनांचा असून सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण शोषणारी द्रव्ये त्यात मिसळलेली असतात.

या बदलाने जुनी सवय धोक्याची ठरली. जोरकस अपघर्षक पॉलिशाने एका वेळी काही मायक्रॉन जाडी जाऊ शकते. रंगाचा कण फडक्यावर येत नसल्याने किती झीज झाली हे डोळ्यांना कळत नाही. पारदर्शक लेप फारच पातळ झाला, की काही काळाने तो पापुद्र्यांसारखा सुटू लागतो आणि मग पुन्हा रंगविण्यावाचून उपाय उरत नाही. म्हणून जाणकार हौशी मंडळी लेपाची जाडी मोजणारे विद्युत् उपकरण वापरतात व सर्वांत सौम्य पॉलिशापासून सुरुवात करतात. पुन्हा रंगविण्याच्या कामालाही धोका आहेच. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन घटकांच्या पॉलियुरेथेन लेपांतील आयसोसायनेटांमुळे रंगाऱ्यांना दम्याचा विकार जडू शकतो. हवा पुरविणारा मुखवटा व वेगळी बंदिस्त खोली यांशिवाय ते फवारणे घातक असते.

चाके : आरंभीची चाके लाकडी आऱ्यांची असून त्यांवरही गाडीप्रमाणेच रोगण देत. 1908 च्या सुमारास रज-व्हिटवर्थ या ब्रिटिश कंपनीची चटकन काढता येणारी तारांच्या आऱ्यांची चाके पुढे आली. ती हलकी व मजबूत होती, परंतु प्रत्येक तारेमागे साचणारा चिखल काढणे हे जिकिरीचे काम असे. पुढे दाबून घडविलेली पोलादी चाके सार्वत्रिक झाली. 1924 मध्ये लीयाँ येथील शर्यतीत बुगाती ‘टाइप 35’ ही गाडी ओतीव ॲल्युमिनियमाची आठ आऱ्यांची चाके घेऊन उतरली. दुसऱ्या महायुद्धानंतर शर्यतींच्या गाड्यांत मॅग्नेशियमाची चाकेही वापरात आली. ती अतिशय हलकी असली तरी लेप निघाल्यास लवकर क्षरण पावतात. पोर्श ‘911’ या गाडीसाठी 1966 पासून मिळू लागलेल्या फुक्स कंपनीच्या घडीव ॲल्युमिनियम चाकांनी चाक ही केवळ यंत्राचा भाग नसून शोभेची वस्तूही आहे, ही कल्पना दृढ केली.

चाके मळण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे तबकडी गतिरोधक (डिस्क ब्रेक). पूर्वीच्या पिंप गतिरोधकात घर्षणाची धूळ बरीचशी आतच राही. 1955 मध्ये सित्रोएन ‘डीएस’ या गाडीत व नंतर इतरत्र तबकडी गतिरोधक आल्यावर बिडाच्या तबकडीचे व घर्षक गादीचे तप्त कण थेट चाकावर उडू लागले. लोखंडाचे हे कण लेपात रुततात, ओलाव्याने गंजतात व तांबूस ठिपके पाडतात. ते काढण्यासाठी एके काळी हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल किंवा त्याची लवणे असलेली द्रव्ये सर्रास वापरली जात. चाक त्यांनी लखलखीत होई, पण धातू कोरला जाई. वापरणाऱ्याच्या त्वचेतून हे अम्ल खोलवर जाऊन गंभीर इजा करते. आता थायोग्लायकोलेट लवणांची द्रावणे अधिक प्रचलित आहेत. लोखंडाशी त्यांची विक्रिया होऊन जांभळा रंग येतो व कण सुटतात. उग्र गंध असला तरी ती लेपास पुष्कळच सौम्य आहेत. चाक तप्त असताना मात्र कोणतेही द्रव्य लावू नये, कारण ते वाळून डाग पडतात.

निगेची रीत : लेपावर दिसणारे जाळ्यासारखे बारीक ओरखडे बहुधा धुताना व पुसतानाच पडतात. धूळ ही मुख्यतः वाळूचे कण असलेली असून कोरडे फडके फिरविले की ती काचकागदासारखे काम करते. म्हणून गाडी सावलीत उभी करून प्रथम पाण्याने भिजवितात. चाकांसाठी वेगळी बादली व वेगळा ब्रश ठेवतात. अंग वरून खाली धुतात आणि फडके दर वेळी स्वच्छ पाण्यात खळबळून घेतात. लेपात रुतलेले कण काढण्यासाठी जपानमध्ये विकसित झालेली कृत्रिम चिकणमाती 1990 च्या दशकापासून अन्यत्रही वापरात आली. पक्ष्यांची विष्ठा व झाडांचा चीक मात्र ताबडतोब भिजवून काढणे हाच उपाय होय.

भारतातील स्थिती : मुंबईत मोटारगाडी 1898 मध्ये आली. मोटारगाड्यांच्या निर्मितीवरील निर्बंधांच्या काळात नवी गाडी मिळण्यास अनेक वर्षे थांबावे लागे. साहजिकच अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी यांसारख्या गाड्या लांबी भरून, घासून व पुन्हापुन्हा फवारून दीर्घकाळ वापरात ठेवल्या गेल्या. ‘ड्यूको’ हे व्यापारी नाव मराठीत फवारलेल्या कोणत्याही चकचकीत रंगाचे सामान्यनाम बनले व ते लाकडी कपाटांपर्यंत पोहोचले. कोकणपट्टीतील दमट खारी हवा पत्र्याला आणि देशावरील ऊन व कूपनलिकेचे जड पाणी लेपाला अपायकारक ठरते. शहरांत रोज पहाटे एकाच बादलीत बुडविलेल्या फडक्याने अनेक गाड्या पुसण्याची रीत आहे. तिच्यामुळे गाडी स्वच्छ दिसते, पण लेपावर ओरखड्यांचे जाळे वाढत जाते. जुन्या गाड्यांच्या हौसेला भारतात संघटित रूप देण्यात द स्टेट्समन या वृत्तपत्राने 1964 मध्ये सुरू केलेल्या फेरीचा मोठा वाटा आहे.

मूळ लेपाचा प्रश्न : कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे 1950 मध्ये सुरू झालेल्या सौंदर्यस्पर्धेत आरंभी नव्या गाड्याच विजयी होत. 1955 मध्ये शर्यतपटू फिल हिल यांच्या 1931 सालच्या पीअर्स-ॲरो गाडीने सर्वोच्च मान मिळविला आणि जुन्या गाड्यांच्या पुनरुज्जीवनास प्रतिष्ठा आली. त्यानंतर कित्येक गाड्या खरवडून, कारखान्यातून निघाल्या त्याहूनही अधिक झळाळत्या करण्यात आल्या. यात त्या काळच्या कारागिरांच्या हातचे काम, मूळ रंगछटा व वापराच्या खुणा कायमच्या नष्ट झाल्या. प्राचीन वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2012 मध्ये मान्य केलेल्या तुरिन सनदेत ऐतिहासिक वाहनाकडे सांस्कृतिक वारसा म्हणून पाहून जतनास पुनरुज्जीवनापेक्षा अग्रक्रम दिला आहे. 2024 मध्ये पेबल बीच येथे बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे एके काळी असलेल्या, 1934 सालच्या व जुना लेप राखलेल्या बुगाती ‘टाइप 59’ या गाडीस सर्वोच्च मान मिळाला. तेथे जतनवर्गातील गाडीला हा मान प्रथमच लाभला. नवा रंग केव्हाही देता येतो, मूळ लेप मात्र एकदाच मिळतो. हे तत्त्व आता संग्रहालयांप्रमाणेच हौशी मंडळींतही स्वीकारले जात असून, शक्य तेवढे कमी घासणे हे उत्तम निगेचे लक्षण मानले जाऊ लागले आहे.