काचेच्या पेटीवाचून

अपुऱ्या दिवसांचं बाळ जगवायचं तर ऊब देणारी काचेची पेटी (इनक्युबेटर) हवीच, हा समज विसाव्या शतकात जगभर रुजला होता. झिंबाब्वेतल्या मानामा मिशन हॉस्पिटलात ती पेटी नव्हती. 1980च्या दशकाच्या अखेरीस तिथे डॉ. निल्स बर्गमन आणि सुईण ॲग्नेटा युरिसू यांनी कोलंबियातल्या बोगोटाच्या डॉ. एडगर रे यांची, बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची कांगारू पद्धत स्वीकारली, पण एक धाडसी बदल करून. बोगोटात बाळ स्थिरावल्यावर आईकडे दिलं जाई. मानामात ते जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी बांधलं जाई. अंगावर फक्त टोपी आणि लंगोट, मान एका बाजूला वळवलेली, पाय बेडकासारखे दुमडलेले. दीड किलोहून कमी वजनाची बाळं पूर्वी शंभरात दहाच जगत, आता पन्नास जगू लागली. 1994 मध्ये हे आकडे छापून आले.

तरीही या पद्धतीकडे बराच काळ गरिबांची तडजोड म्हणूनच पाहिलं गेलं. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता: आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहणं म्हणजे काटेकोर चाचणी नव्हे, आणि त्याच काळात इतर सुधारणाही झालेल्या असू शकतात. या शंकेचं उत्तर 2021 मध्ये आलं. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारतातल्या रुग्णालयांत एक ते 1.8 किलोच्या 3,211 बाळांवर चाचणी झाली. बाळ स्थिरावण्याची वाट पाहिली तेव्हा 28 दिवसांत 15.7 टक्के बाळं दगावली. लगेच आईजवळ दिलं तेव्हा 12 टक्के. फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली.

दुसरी भीती मला अधिक खरी वाटते: आईची ऊब पुरते म्हणून सरकारं यंत्रांवरचा खर्च टाळतील. पण ऊब म्हणजे श्वास नव्हे. मलावीत ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात श्वासाचा त्रास असलेल्या बाळांना श्वासमार्गात हवेचा सतत दाब ठेवणारं स्वस्तातलं बबल सीपॅप यंत्र लावलं, तेव्हा 71 टक्के बाळं वाचली. नुसत्या ऑक्सिजनवर 44 टक्के. 2021ची चाचणीही ऑक्सिजन, सीपॅप आणि प्रशिक्षित परिचारिका असलेल्या कक्षांतच झाली. शिवाय दिवसरात्र बाळ छातीशी धरणाऱ्या बाळंतिणीला खाट, जेवण आणि मदतीला घरचं माणूस लागतंच. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये जन्मल्याबरोबर कांगारू पद्धत सुरू करण्याची शिफारस केली. नवजात कक्षाचा आराखडा करणाऱ्यांनी आता बाळाच्या जागेसोबत आईची खाटही धरावी.