कोटितीर्थाच्या काठचा चित्रकार

साधनकेरीच्या काठी द. रा. बेंद्रे राहिले आणि ते तळे कन्नड काव्यात कायमचे जाऊन बसले. घरी मराठी बोलणाऱ्या या कवीमुळे तळे आणि कलावंत यांचे नाते आम्हा धारवाडकरांना परके नाही. येथून उत्तरेस, कोल्हापुरात, असेच एक नाते जडले होते.

आबालाल रहिमान मूळचे कोल्हापूरचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण घेतले. पुढे राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभला, तरी दरबारी मानमरातबात ते रमले नाहीत. अविवाहित, फकिरी वृत्तीचा हा माणूस कोटितीर्थाच्या परिसरात राहिला आणि तेच पाणी, तीच झाडे पुनःपुन्हा रंगवीत बसला. बदलत होता तो केवळ प्रकाश. आणि चित्राचा विषयही आमच्या मते तोच होता. अमेरिकेत जॉर्जिया ओकीफ या चित्रकर्तीने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी मुलखात, ॲबिक्यू खेड्याच्या परिसरातील पेडर्नल डोंगर असाच ध्यासाने रंगविला. १९८६ मध्ये ती निवर्तल्यावर तिची रक्षा त्याच डोंगरावर विखुरण्यात आली. तिचे ॲबिक्यूचे घर आज जतन केलेले आहे.

कोटितीर्थाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. १९०६ मध्ये महाराजांनीच तळ्याशेजारी कापडगिरणीचा पाया घातला. संस्थानाला उद्योग हवा होता, तेव्हा त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. पुढे शहरही तळ्याभोवती दाटत गेले.

१९२२ मध्ये महाराज गेले. त्या आघाताने आबालालांनी आपली असंख्य चित्रे पाण्यात बुडविली, अशी आख्यायिका आहे. कोणी कोटितीर्थाचे नाव घेतो, कोणी रंकाळ्याचे. कोल्हापूरकर ती भक्तिभावाने सांगतात. आम्हास मात्र तिची थोडी धास्ती वाटते. चित्रे कलावंतानेच बुडविली म्हटले की, उरलेल्यांतील किती आपल्या हेळसांडीने गेली, हे विचारावयाचे राहून जाते.

१९३१ मध्ये आबालाल वारले. वाचलेल्या चित्रांपैकी काही कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. अंबाबाईच्या दर्शनास जाणाऱ्या सभासदांनी तासभर तिकडे अवश्य वळावे. आणि आमच्यापैकी ज्यांच्या घरी कोल्हापूरकडून आलेल्या जुन्या तसबिरी माळ्यावर पडून असतील, त्यांनी पावसाळ्यापूर्वी त्या खाली काढून कोपऱ्यात कोणाची सही आहे, एवढे तरी पाहावे.