रोजच्या वाचनाचे साधन

इसवी सनाच्या ८६ सालाच्या सुमारास मार्शल या रोमन कवीने आपल्या एका संग्रहाच्या आरंभी वाचकांना अगदी व्यावहारिक सल्ला दिला आहे. दूरच्या प्रवासात माझ्या कविता सोबत हव्या असतील, तर चर्मपत्राच्या लहान पानांवर लिहिलेली प्रत विकत घ्या, मोठे ग्रंथ पेट्यांसाठी राहू द्या, माझी प्रत एका हातात मावते, असा त्याचा आशय आहे. एवढ्यावर न थांबता त्याने ती प्रत विकणाऱ्या दुकानदाराचे नाव आणि दुकानाचा ठावठिकाणाही देऊन टाकला आहे. कवी आणि जाहिरातदार यांचे नाते आपण समजतो त्याहून जुने असावे.

या सल्ल्याचे महत्त्व त्या काळच्या ग्रंथाचे रूप ध्यानात घेतल्यावाचून कळत नाही. ग्रंथ म्हणजे तेव्हा पपायरसची गुंडाळी. ती वाचायची तर एका हाताने उलगडत आणि दुसऱ्या हाताने गुंडाळत जावे लागे. वाचून संपली की पुढच्या वाचकासाठी उलटी गुंडाळून ठेवावी लागे. पाने एकत्र शिवलेली वही, जिला लॅटिनमध्ये 'कोडेक्स' म्हणत, ती हिशेबाची, टिपणांची, शाळकरी पोरांची वस्तू होती. गंभीर वाङ्मयाला ती शोभत नसे. तरीही ज्या रोमन वाचकाला घोड्यावरून वा जहाजातून जाताना कविता वाचायच्या होत्या, त्याने प्रतिष्ठेचा विचार न करता वही उचलली. पुढे दोनशे वर्षांनी, म्हणजे इ. स. ३०० च्या आसपास, वही गुंडाळीच्या बरोबरीला आली आणि नंतर तिने गुंडाळीला मागे टाकले. मात्र गुंडाळी नाहीशी झाली नाही. ज्यू लोकांच्या सभास्थानांत तोराचे विधिपूर्वक वाचन आजही हाताने लिहिलेल्या चर्मपत्राच्या गुंडाळीवरूनच होते. अभ्यासासाठी मात्र तोच ग्रंथ छापील, बांधीव पुस्तकातून वाचला जातो. रोजचे वाचन एका साधनावर आणि मानाचे वाचन दुसऱ्या साधनावर, अशी ही वाटणी आहे.

ई-रीडरविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती या वाटणीकडे पाहतच नाही असे मला वाटते. छापील पुस्तक मरणार की जगणार, असा प्रश्न टाकला जातो आणि मग कागदाच्या वासाचे कौतुक करून सभा आटोपते. इतिहास विचारतो तो प्रश्न वेगळा आहे. दुपारी जेवणानंतर, आगगाडीत किंवा झोपण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात माणूस हातात काय घेतो, आणि ते घेताना त्याच्या हातून काय निसटते?

आपल्या भाषेच्या इतिहासातही हे एकदा घडून गेले आहे. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत स्वतःचा छापखाना काढून १८३१ साली मराठी पंचांग छापले. मुद्रित कागदाला शिवणे हा त्या काळी सोवळ्याओवळ्याचा प्रश्न होता. शाईत चरबी असते, म्हणून अनेक ब्राह्मण छापील कागदाला हात लावीत नसत, आणि अशी माणसे आपल्या काळातही आहेत, हे गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ सालच्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथात नोंदवले आहे. या आक्षेपावर उपाय म्हणून चरबीऐवजी तूप घालून शाई केली जाई, असेही सांगितले जाते. मला महत्त्वाची वाटते ती पंचांगाची निवड. पंचांग हा पूजेत ठेवण्याचा ग्रंथ नव्हे. ते वर्षभर रोज उघडावे लागते आणि पाडवा आला की रद्दीत जाते. त्याची हस्तलिखित प्रत मिळवणे खर्चाचे, आणि एकही अंक चुकला तर निरुपयोगी. नव्या साधनाने आपल्या घरात पाऊल टाकले ते या रोजच्या गरजेच्या दारातून. सोवळे त्याला फार काळ अडवू शकले नाही.

छपाई रुळल्यावर आणखी एक गमतीची गोष्ट घडली. मुद्रकांनी धर्मग्रंथ छापले, पण पोथीच्या रूपात: आडवी, सुटी पाने, न शिवलेली, लाकडी फळ्यांत वा रुमालात बांधून ठेवण्याजोगी. पारायणासाठी 'गुरुचरित्र' अजूनही या आकारात विकत मिळते. कादंबरी मात्र कोणी सुट्या पानांवर छापली नाही. १८९३ साली ठाण्यात आणि १८९८ साली मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालये उभी राहिली, तेव्हा त्यांच्या कपाटांतून घरोघर गेला तो बांधीव ग्रंथच. युरोपातही व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने १५०१ पासून लॅटिन काव्य लहान आकारात छापले आणि १९३५ साली पेंग्विनने सहा पेन्सला कागदी बांधणीची पुस्तके आणली. दोन्ही वेळा वाचकाने हलके व स्वस्त साधन निवडले.

ई-रीडर या मालिकेतला आहे, संगणकाच्या मालिकेतला नव्हे. १९९८ साली बाजारात आलेले 'रॉकेट ई-बुक' हे यंत्र फारसे टिकले नाही, याचे एक कारण असे की त्याचा पडदा संगणकासारखाच होता. त्याच वर्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात एका नव्या शाईविषयी निबंध प्रसिद्ध केला. केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या, त्यांत पारदर्शक द्रव, आणि त्या द्रवात विरुद्ध विद्युतभार असलेले काळे व पांढरे कण, अशी तिची घडण आहे. विजेच्या दाबाची दिशा बदलली की काळे कण वर येतात किंवा पांढरे. एकदा पान उमटले की ते टिकवायला वीज लागत नाही. ती लागते पान उलटताना. अशा पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. तो कागदाप्रमाणे खोलीतला उजेड परत फेकतो. म्हणूनच उन्हात बसूनही त्यावरचे अक्षर पुसट होत नाही. अलीकडच्या यंत्रांत अंधारासाठी कडेचे दिवे बसवलेले असतात, पण तेही प्रकाश पडद्यावर टाकतात, डोळ्यांत नव्हे.

या शाईचा पहिला ई-रीडर सोनी कंपनीने २००४ साली जपानात आणला. त्याचे नाव 'लिब्रिए'. यंत्र उत्तम होते. पण त्यावर घेतलेले पुस्तक ६० दिवसांनी उघडेनासे होई. विकत घेण्याऐवजी भाड्याने घेण्याची ही योजना जपानी वाचकाला रुचली नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनने 'किंडल' आणले: वजन तीनशे ग्रॅमच्या आत, किंमत ३९९ डॉलर, आणि पुस्तक तारेवाचून थेट यंत्रात येण्याची सोय. पहिला साठा काही तासांतच संपला.

साठी ओलांडलेल्या वाचकाला या यंत्राचे सुख कोणत्या गोष्टीत वाटते, हे अनुभवाने सांगतो. ते अक्षर मोठे करण्यात आहे. सहाशे पानांचा ग्रंथ छातीवर पेलून, भिंगातून ओळी शोधत वाचणे मला होत नाही. त्यामुळे काही ग्रंथ माझ्यासाठी कपाटात असूनही नसल्यासारखेच झाले होते. मार्शलचा 'एक हात' मला आता उमगतो. रोजचे वाचन मी ई-रीडरवर करतो, आणि त्यात ग्रंथद्रोह केल्याची खंत मला वाटत नाही.

पण मराठी वाचकाला हे सुख उशिरा मिळाले, आणि त्याचे कारण यंत्रात नव्हते. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८८ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली प्रसृत केली. तिच्याच आधारे १९९१ मध्ये देवनागरीला 'युनिकोड'मध्ये स्थान मिळाले. पाया असा वेळेवर घातला गेला होता. मात्र त्याच दशकात मराठी पुस्तकांची जुळणी संगणकावर होऊ लागली ती ज्या फाँटांवर, त्यांतील प्रत्येकाची अक्षरयोजना निराळी होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवून पान सजवले जाई. कागदावर ते सुंदर उमटे. पण तो फाँट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. संगणकावर जुळवलेली असूनही त्या काळची अनेक पुस्तके संगणकाच्या दृष्टीने मजकूर नव्हतीच, ती चित्रे होती. भारतात किंडलचे दुकान २०१२ साली उघडले. मराठीला त्यात रीतसर जागा मिळाली ती डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम यांच्यासोबत. तोवर, आणि जुन्या ग्रंथांच्या बाबतीत आजही, वाचकाच्या हाती येते ते पानाचे छायाचित्र. सहा इंची पडद्यावर ते मोठे केले की ओळीचा शेवट बाहेर जातो, आणि पान डावीकडे-उजवीकडे सरकवत वाचावे लागते. रोमन वाचकाने टाकून दिलेली गुंडाळी अशा रीतीने पुन्हा आमच्या हाती आली आहे. अक्षराचा प्रश्नही लहान नाही. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक ज्या फाँटाला दाखवता येत नाही, तो मराठी वाचकाच्या पंगतीत गुरुजींना वाढायला लावील.

आता हातून निसटते ते काय, याकडे वळले पाहिजे. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक विनवणी लिहीत असत. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून माझे रक्षण कर आणि मूर्खाच्या हाती मला देऊ नकोस, असे त्यांत पोथीच बोलते. ज्याच्या घरी पोथी, तो तिचा धनी, हे या विनवणीत गृहीत आहे. तो ती राखील, उसनी देईल, नाही तर नासवील. १८५५ साली तंजावरचे मराठी राज्य संपले, पण तेथील सरस्वती महालातल्या मराठी पोथ्या राहिल्या, कारण त्या वस्तू होत्या आणि कुणाच्या तरी कपाटात होत्या. छापील पुस्तकानेही हे धनीपण वाचकाकडे राहू दिले. ई-रीडरवर वाचक विकत घेतो तो बहुधा वाचण्याचा परवाना. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या हक्क नसलेल्या आवृत्त्या ग्राहकांच्या किंडलमधून दुरूनच काढून घेतल्या; त्यांपैकी एक 'नाइन्टीन एटी-फोर' होती. पैसे परत केले गेले आणि कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर क्षमाही मागितली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तकेही वाचकांच्या यंत्रांतून गेली. पैसे मिळाले, आणि ज्यांनी समासात टिपणे केली होती त्यांना २५ डॉलर जास्त. टिपणांना मिळालेला एवढा रोख भाव मी अन्यत्र ऐकलेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून ठेवण्याची जुनी सोयही बंद केली. 'लिब्रिए'ची ६० दिवसांची मुदत जपानी वाचकाला दिसत होती, म्हणून त्याने ती नाकारली. नंतरच्या करारांतली मुदत कोणाला दिसत नाही, एवढाच फरक.

ग्रंथालयांसाठी ही बाब अधिक गंभीर आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, तसेच मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालयांना द्यावी लागते. त्या कायद्यात 'पुस्तक' शब्दाची जी व्याख्या आहे ती खंड, भाग, पुस्तिका, आणि स्वतंत्रपणे छापलेले वा शिळाछापाचे नकाशे व स्वरलिपी यांची आहे. जे मराठी पुस्तक कधी कागदावर आलेच नाही, त्याचा उल्लेख त्या व्याख्येत नाही. असे पुस्तक आज रात्री मी अंथरुणावर पडून, अक्षर हवे तेवढे मोठे करून वाचू शकतो. पन्नास वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला त्याची प्रत पाहायची झाली, तर त्याने या चारांपैकी कोणत्या ग्रंथालयात जायचे, हे तो कायदा सांगत नाही.