दुष्काळाची आठवण आणि मुक्तीचे घर : पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेची कथा

१/ चामोर्शी तालुक्यात मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि तिच्या काठावर शिवमंदिरांचा प्राचीन समूह उभा आहे. हा प्रदेश आज गडचिरोली जिल्ह्यात मोडतो. पण हा जिल्हा १९८२ मध्ये निर्माण झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो चांदा जिल्ह्याचा, म्हणजे ब्रिटिशांच्या ‘मध्य प्रांता’चा भाग होता. आजची गोष्ट त्या प्रांतावर कोसळलेल्या दुष्काळाची आणि त्या दुष्काळाकडे धावत गेलेल्या एका स्त्रीची आहे.

२/ १८९६ चा पावसाळा लवकर आटोपला. पिके वाळली, धान्य महागले आणि मध्य प्रांतात उपासमार पसरली. वर्तमानपत्रांतून त्या बातम्या पुण्यात येऊ लागल्या. शारदा सदनाच्या संचालिका पंडिता रमाबाई तेव्हा ३८ वर्षांच्या होत्या. बातम्या इतरांनीही वाचल्या. रमाबाईंना मात्र त्या स्वस्थ बसू देईनात. त्याचे कारण त्यांच्या बालपणात होते.

३/ रमाबाईंचा जन्म १८५८ मध्ये सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या मातेने मुलीला. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडे. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य संपले, अंगमेहनतीची सवय नव्हती, भीक मागण्याची लाज होती. रानातला पाला खाऊन आणि पाणी पिऊन त्यांनी दिवस काढले. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. उरली ती रमा आणि भाऊ श्रीनिवास.

४/ ही भावंडे पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी विवाह झालेले पती बिपिन बिहारी मेधावी १८८२ च्या आरंभी कॉलऱ्याने गेले. तेविसाव्या वर्षी वैधव्य आणि कडेवर मनोरमा ही तान्ही मुलगी.

५/ १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. का? समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची ख्रिस्ती भगिनी शुश्रूषा करतात, हे त्यांनी तेथे पाहिले. पापी मानलेल्या स्त्रीलाही जेथे आदराने जवळ केले जाते, त्या ठिकाणी त्यांना आपला देव दिसला. योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीशी ख्रिस्ताने केलेला संवाद त्यांच्या मनात खोल रुतला.

६/ येथे एक गैरसमज दूर करावा. रमाबाईंची श्रद्धा मुकाट्याने मान तुकवणारी नव्हती. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी प्रश्न विचारले. स्त्रीने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे धर्माधिकाऱ्यांचे मत पडले, तेव्हा त्यांनी निर्भयपणे विरोध नोंदवला. जे स्वातंत्र्य पुण्यातल्या शास्त्र्यांकडे मागितले, तेच त्यांनी बिशपांकडेही मागितले.

७/ मायदेशी टीका कठोर झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यास आले. १८९३ मध्ये मुलींवर धर्मप्रभाव पडतो, या आक्षेपावरून वाद पेटला. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. त्या आक्षेपाला आधार नव्हता, असे म्हणता येत नाही. आणि सदनाने विधवांना दिलेले शिक्षण खोटे होते, असेही म्हणता येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने दोन्ही बाजू एकत्र धराव्यात.

८/ आता पुन्हा १८९६. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळात सर्वाधिक संकट एकाकी मुलींवर असते, हे त्या जाणून होत्या. भुकेल्या मुलीचा सौदा करणारे सर्वत्र टपलेले असतात. पुढील महिन्यांत त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. हाडांचे सापळे झालेली, रोगांनी पोखरलेली ही लेकरे होती.

९/ तेवढ्यात पुण्यात प्लेग आला. इतक्या जणींना शहरात ठेवणे अशक्य झाले, म्हणून दौंडजवळच्या केडगाव येथील जमिनीवर त्यांची सोय करण्यात आली. त्याच काळात प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहिले. ख्रिस्ती असूनही ख्रिस्ती राज्यकर्त्यांना जाब विचारण्यास त्या कचरल्या नाहीत. १८९८ मध्ये केडगावी ‘मुक्ती सदन’ उभे राहिले.

१०/ १८९९ मध्ये पाऊस पुन्हा रुसला आणि सदनातील संख्या १९०० च्या सुमारास दोन हजारांजवळ पोहोचली. तेथे प्रार्थना होती, आणि शेती, विणकाम, शिवणकाम व छापखानाही होता. मनोरमेने अंध मुलींसाठी ब्रेल शिक्षण सुरू केले. दुष्काळात आपल्या कुटुंबाला अंगमेहनत येत नव्हती, ही सल रमाबाईंना होती. म्हणून मुक्तीतील प्रत्येक मुलीच्या हाती एक काम आले.

११/ अखेरची वर्षे त्यांनी एका मोठ्या कार्याला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. साध्या बाईला वाचता यावे, हा हेतू. खिळे जुळवण्याचे काम सदनातील स्त्रियांनीच केले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक लेक. तरीही मुद्रिते तपासणे थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

१२/ बाप्तिस्म्यानंतर ख्रिस्ताचा धर्म मिळाला, पण प्रत्यक्ष ख्रिस्त काही वर्षांनी भेटला, असे रमाबाईंनी पुढे नमूद केले. त्यांच्या लेखी आशा म्हणजे दुःख विसरणे नव्हते. रानातल्या पाल्याची चव त्यांनी जन्मभर लक्षात ठेवली, म्हणूनच मध्य प्रांतातली अनोळखी मुलगी त्यांना परकी वाटली नाही. श्रद्धा आपली असो वा नसो, मित्रांनो, एवढे पडताळून पाहता येते : ज्या देवाने आपल्याला तारले असे त्यांना वाटले, त्याचे ऋण त्यांनी दुसऱ्याच्या ताटात भाकरी वाढून फेडले.