जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो पिवळे का पडतात?

जुन्या अल्बममधले काही ब्लॅक अँड व्हाइट फोटो पिवळे पडतात, चेहरे फिके होतात. अनेकदा याचं कारण असतं कागदात राहून गेलेला हायपो, म्हणजेच सोडियम थायोसल्फेट.

डार्करूममध्ये फोटो पक्का करताना डेव्हलप न झालेले चांदीचे क्षार हायपोत विरघळतात. हायपोचा हा गुण इंग्लंडचे शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदवला होता. मात्र नंतर फोटो नीट धुतला नाही, तर उरलेल्या हायपोतल्या गंधकाचा चित्रातल्या चांदीशी संयोग होतो आणि पिवळट-तपकिरी सिल्व्हर सल्फाइड तयार होतं.

हा उरलेला हायपो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून धुतलेल्या फोटोच्या कोऱ्या कडेवर आम्ल मिसळलेल्या सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून २ मिनिटं थांबतात. डाग जितका गडद, तितका हायपो जास्त. नेमका आकडा हवा असेल, तर प्रयोगशाळेत मिथिलीन ब्लू पद्धत वापरतात. त्यात हायपोपासून निळा रंग तयार करून तो किती गडद आहे हे उपकरणाने मोजतात.

डाग गडद आला, तर फोटो वाहत्या पाण्यात पुन्हा धुवायचा. पिवळा पडल्यावर मात्र नुसत्या धुण्याने चित्र परत येत नाही.