स्वस्त पाण्यावरची शहरी शेती: लॉस एंजेलिसचा जुना हिशेब

शहरात भाजीपाला पिकवणाऱ्यांना महापालिकेनं पाणी सवलतीच्या दरात द्यावं, ही मागणी आता बऱ्याच देशांत होते. माझ्या संशोधनाचा विषय पाणीपट्टीचा इतिहास आहे असं सांगितलं की मलाही पहिला प्रश्न हाच येतो: 'मग द्यावी का सवलत?' सरळ हो किंवा नाही म्हणण्याऐवजी मी लॉस एंजेलिसची गोष्ट सांगते. कारण या शहरानं ही सवलत दिली होती, तीही गच्चीवरच्या कुंड्यांना नाही, हजारो एकरांना.

सुरुवात पाटापासून करू. 1781 साली 44 वसाहतकऱ्यांनी गाव वसवलं आणि लगेच नदीतून एक पाट काढला. त्याचं नाव झान्जा माद्रे, म्हणजे आई-पाट. त्यावर देखरेख करणारा तो झानहेरो. आपल्याकडचा पाटकरीच म्हणा ना! फरक एवढाच, की एकोणिसाव्या शतकात काही काळ या पाटकऱ्याचा पगार महापौरापेक्षा जास्त होता. पाळी कोणाची, किती वेळ, फाटा कधी उघडायचा हे तोच ठरवायचा. 1868 मध्ये शहरानं पिण्याच्या पाण्याचा कारभार 30 वर्षांसाठी एका खासगी कंपनीला दिला, पण सिंचनाचे पाट स्वतःकडे ठेवले. पिण्याचं पाणी कंपनीचं आणि शेतीचं पाणी गावाचं! आज हे उलटं वाटतं, पण तेव्हा शेती हाच शहराचा कणा होता. पिण्याचं पाणी परत शहराच्या ताब्यात यायला 1902 उजाडलं.

तोवर लोकसंख्या लाखावर गेली होती आणि 1910 पर्यंत ती तीन लाखांच्या पुढे गेली. नदी पुरणार नाही हे दिसत होतं. माजी महापौर फ्रेड ईटन आणि पाणीखात्याचा मुख्य अभियंता विल्यम मुल्हॉलंड यांची नजर सिएरा नेवाडाच्या पलीकडच्या ओवेन्स खोऱ्यावर गेली. 1905 मध्ये 15 लाख आणि 1907 मध्ये 2 कोटी 30 लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मतदारांनी मान्यता दिली. 5 नोव्हेंबर 1913 ला 233 मैलांवरून, एकही पंप न लावता, निव्वळ उतारानं पाणी आलं.

इथून खरी गंमत सुरू होते. पाणी आलं ते तेव्हाच्या गरजेच्या कितीतरी पट. जादा पाण्याचं करायचं काय? अमेरिकेच्या पश्चिम भागातला पाण्याचा कायदा थोडक्यात असा: जो आधी वापरतो त्याचा हक्क आधी, आणि जो वापरत नाही त्याचा हक्क जातो. म्हणजे पाणी कालव्यात नुसतं खेळवत ठेवणं धोक्याचं. ते कुठेतरी 'उपयोगात' दाखवायला हवं, आणि भविष्यात शहर वाढलं की ते काढूनही घेता यायला हवं. या दोन्ही अटींत शेती चपखल बसते. घराचा नळ तोडता येत नाही. शेताचं पाणी मात्र तोडता येतं.

म्हणून पाणी सान फर्नांडो खोऱ्यात वळलं. तिथे तोवर मुख्यतः कोरडवाहू गहू व्हायचा. शहराचं पाणी हवं तर शहराचा भाग व्हा, अशी स्थिती होती. त्यामुळे 1915 मध्ये हे जवळजवळ 170 चौरस मैलांचं खोरं शहराला जोडलं गेलं आणि शहराचं क्षेत्रफळ एका फटक्यात दुपटीहून अधिक झालं. सिंचनाचा दर घरगुती दरापेक्षा खूप कमी ठेवण्यात आला. गव्हाच्या जागी अक्रोड, संत्री, बीट, घेवडा, लसूणघास आला. 1909 ते 1949 या चाळीसेक वर्षांत लॉस एंजेलिस परगणा शेतमालाच्या किमतीत अख्ख्या अमेरिकेत पहिला होता. हॉलिवूडचं शहर ना? हो, तेच.

फायदा कोणाचा झाला? हातात कुदळ असलेल्यांचा झालाच. पण त्यांच्या आधी जमीनवाल्यांचा. पाणी येणार म्हणून खोऱ्यात मोठमोठ्या जमिनी आधीच घेऊन ठेवणाऱ्यांत वृत्तपत्राचे मालक हॅरिसन ग्रे ओटिस होते, आणि मोझेस शर्मन होते, जे शहराच्या पाणी मंडळाचे सदस्य होते. 'चायनाटाऊन' चित्रपटामुळे लोकांना एवढाच कट माहीत असतो. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दर. कारस्थान एकदाच होतं, दर मात्र दर महिन्याला बिलावर छापून येतो. स्वस्त पाण्याची किंमत जमिनीच्या भावात जाऊन बसते आणि नंतर येणारा शेतकरी ती खंडातून फेडत राहतो. जपानी शेतकऱ्यांचं तसंच झालं. 1913 च्याच कायद्यानं त्यांना कॅलिफोर्नियात जमीन विकत घेण्याची बंदी केली होती. त्यामुळे शहराला भाजी पुरवणारे हे लोक बहुतेक खंडानं कसायचे.

आणि वरच्या बाजूला? ओवेन्स खोऱ्यात गोरे शेतकरी यायच्या कितीतरी आधी पायूट लोकांनी पाट काढले होते. त्यांची जमीन गोऱ्यांनी घेतली, आणि गोऱ्यांचं पाणी शहरानं घेतलं. विसाच्या दशकात दुष्काळ पडला तेव्हा शहरानं आणखी शेतं विकत घ्यायला सुरुवात केली. मे 1924 मध्ये कालव्याला सुरुंग लावला गेला. नोव्हेंबरमध्ये शेतकऱ्यांनी अलाबामा गेट्स ताब्यात घेऊन चार दिवस पाणी सोडून दिलं. 1927 मध्ये त्यांच्या नेत्यांची, वॉटरसन बंधूंची, बँक बुडाली आणि लढा संपला. ओवेन्स तलाव तोवर कोरडा पडला होता. एका खोऱ्यातली शेती मोडून दुसऱ्या खोऱ्यातली उभी राहिली, आणि ही दुसरी शेती शहराच्या हद्दीत होती म्हणून तिला 'शहरी' म्हणायचं. खडकवासल्याच्या पाण्यावरून पुणे आणि दौंड-इंदापूर यांच्यात आवर्तनाचा वाद पेटतो तेव्हा मला हे आठवतं. अर्थात तिथे वरच्या अंगाला शहर आहे आणि खालच्या अंगाला शेती, म्हणून तुलना फार ताणत नाही.

या सवलतीचा शेवट कुठल्या ठरावानं झाला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर खोऱ्यात घरं आली आणि बागा तुटल्या. शेतीला दिलेलं पाणी त्याच नळांतून हिरवळींना आणि तरणतलावांना जाऊ लागलं. शेतीनं शहरासाठी पाणी धरून ठेवायचं होतं, ते काम तिनं चोख केलं.

माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण मात्र मांझानार या एकाच जागेवर आहे. स्पॅनिशमध्ये मांझानार म्हणजे सफरचंदाची बाग. ओवेन्स खोऱ्यातलं हे बागायती गाव शहरानं पाण्यासाठी विकत घेतलं आणि 1929 पर्यंत ते ओस पडलं. 1942 मध्ये सरकारनं तीच जमीन शहराकडून घेऊन तिथे काटेरी तारांची छावणी उभारली. आत डांबलेल्या सुमारे दहा हजार जपानी-अमेरिकन लोकांत बहुसंख्य लॉस एंजेलिस परिसरातले होते, आणि शहराच्या आसपास भाजी पिकवणारेही त्यांत होते. त्यांनी तिथल्या वाळत चाललेल्या जुन्या झाडांची छाटणी केली, पाट साफ केले, आणि सफरचंद-नासपतीला पुन्हा फळं धरू लागली.